गाईचे पोट का थांबते? पोटाच्या भिंतीतले मज्जातंतू आणि पचनाचे विकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाच्या भिंतीत मज्जातंतू असतात म्हणजे नेमके कुठे?

पोटाची भिंत थराथरांची असते. आतून अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा मऊ थर, मग स्नायूंचे दोन थर आणि सगळ्यात बाहेर पातळ पापुद्रा. स्नायूंच्या दोन थरांच्या मधोमध मज्जापेशींचे एक जाळे पसरलेले असते, त्याला अवरबाखचे जाळे म्हणतात. दुसरे मायस्नरचे जाळे. ते अस्तराखालच्या थरात असते आणि आतड्यात जास्त ठळक दिसते. पहिले जाळे स्नायूंची हालचाल सांभाळते, दुसरे पाझर, शोषण आणि अस्तराचा रक्तपुरवठा. दोन्ही नावे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संशोधकांची आहेत. पुढे १९२१ मध्ये इंग्रज शरीरशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी या सगळ्याला स्वतंत्र मज्जासंस्थेचा दर्जा दिला, कारण मेंदूकडून आदेश आला नाही तरी आतडे आपले काम बऱ्यापैकी चालू ठेवते.

या जाळ्यात काही पेशी स्नायूला आवळायला लावतात, काही सैल सोडायला लावतात. आवळण्याचा निरोप मुख्यतः ॲसिटिलकोलीन हे रसायन पोचवते, सैल सोडण्याचा निरोप नायट्रिक ऑक्साइड. ही दोन नावे लक्षात ठेवा, पुढे चौथ्या पोटाच्या आजारात आणि विषबाधेत ती पुन्हा येणार आहेत.

मग गाईचे पोट मेंदूशिवायही चालू शकते का?

आतडे बऱ्याच अंशी चालू शकते. चौथे पोट थोडेफार. कोठीपोट मात्र नाही, आणि गाईच्या पचनाच्या आजारांतली निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

गाईच्या पोटाचे चार कप्पे: कोठीपोट म्हणजे रुमेन, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे पोट. आपल्या जठरासारखे आम्ल पाझरणारे पोट म्हणजे हे चौथे. पहिले तीन कप्पे म्हणजे वैरण साठवायची, भिजवायची, आंबवायची आणि पिळायची व्यवस्था. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या वर माल मावतो. एवढा ढीग ठराविक क्रमाने ढवळायचा तर आधी जाळीपोट आवळले पाहिजे, मग कोठीपोटाचा पुढचा भाग, मग मागचा. हा क्रम मेंदूच्या तळाशी, जिथून मज्जारज्जू सुरू होतो, तिथल्या केंद्रात ठरतो आणि व्हेगस या मज्जातंतूच्या दोन फांद्यांमधून पोटापर्यंत पोचतो. प्रयोगात दोन्ही बाजूंचा व्हेगस कापला की ही क्रमवार आकुंचने थांबतात. भिंतीतल्या जाळ्यामुळे थोडी वळवळ उरते, पण तिने माल ढवळला जात नाही.

म्हणजे कोठीपोटाचा हात सतत मेंदूच्या हातात. मेंदूला ताप, वेदना किंवा भीती कळली की पोटालाही कळते.

पोट भरले की रिकामे हे गाईला कसे समजते?

जाळीपोटाच्या आणि कोठीपोटाच्या पुढच्या भागाच्या भिंतीत ताण मोजणारी मज्जाटोके असतात. पोट मध्यम भरले की ती मेंदूला कळवतात आणि आकुंचने जोरात होतात. फारच ताणले गेले तर दुसऱ्या प्रकारची टोके जागी होतात आणि उलट आदेश जातो, थांबा. अस्तरातली आणखी काही टोके खरखरीतपणा आणि आम्ल ओळखतात. लांब तंतूंची वैरण भिंतीवर घासली की रवंथाला चालना मिळते. आम्ल प्रमाणाबाहेर वाढले की हालचाल मंदावते.

एकाच भिंतीतून "चल" आणि "थांब" असे दोन्ही निरोप निघतात हे ध्यानात घेतले तर पुढची बरीच उत्तरे आपोआप सुटतील.

रवंथ आणि ढेकर हीसुद्धा मज्जातंतूंचीच कामे का?

हो, आणि दोन्ही बरीच नाजूक कामे आहेत. रवंथासाठी नेहमीच्या आकुंचनाच्या अगोदर जाळीपोट एकदा जास्तीचे आवळते, पातळ माल अन्ननलिकेच्या तोंडाशी येतो, गाय छाती ताणून श्वास घेते आणि घास वर ओढला जातो. तुम्ही मानेच्या डाव्या बाजूला बघत बसलात तर घास वर जाताना दिसतो. मग एका घासाला साधारण ४० ते ७० वेळा चावणे, आणि गिळल्यावर चार-पाच सेकंदांत पुढचा घास. चांगल्या वैरणीवरची गाय दिवसाकाठी सात ते नऊ तास असा रवंथ करते. खाताना आणि रवंथ करताना मिळून सुटणारी लाळ दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाते. तिच्यातला सोडा कोठीपोटातले आम्ल मारतो.

ढेकर वेगळ्या आकुंचनातून येते. ती लाट कोठीपोटाच्या मागून पुढे सरकते आणि वर साठलेला वायू अन्ननलिकेच्या तोंडाकडे ढकलते. तासाला तीस लिटरच्या वर वायू असा निघत असतो, बहुतेक वेळा आवाजाशिवाय. वाट बंद झाली तर गाय किती लवकर फुगेल याचा अंदाज या आकड्यावरून येईल.

कोठीपोट चालते आहे की नाही, गोठ्यात कसे बघायचे?

गाईच्या डाव्या बाजूला उभे राहा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या हाडाखाली जो खळगा असतो, ती डावी भकाळी. तिथे मूठ टेकवा आणि हळूहळू दाबून धरा. लगेच काढू नका. मिनिटभरात मूठ आतून वर ढकलली जाईल, क्षणभर तशीच राहील आणि पुन्हा खाली बसेल. निरोगी गाईत दोन मिनिटांत अशा साधारण दोन-तीन लाटा येतात. खाताना जास्त, झोपेत कमी.

लाटांची संख्या महत्त्वाची आहेच, पण मला जोर जास्त सांगून जातो. मूठ ठामपणे उचलणारी लाट वेगळी आणि नुसती हलल्यासारखी वाटणारी वेगळी. त्याच वेळी आतला माल कसा लागतो तेही बघा. वर थोडा वायू, मधे मळलेल्या कणकेसारखा गोळा आणि खाली पातळ हे ठीक. सगळेच पाणी डचमळल्यासारखे लागले तर आम्लाची शंका घ्या. दगडासारखे घट्ट लागले तर पाणी कमी पडले आहे किंवा माल पुढे सरकत नाही.

निरोगी गाईवर आधी हात बसवा. आजारी गाईवर पहिल्यांदा मूठ ठेवणाऱ्याला काहीच कळत नाही.

गाईने वैरण सोडली, रवंथ बंद झाला. मज्जातंतू बिघडले असे समजायचे का?

बहुतेक वेळा नाही, हेच मला या पानावर सगळ्यात ठळकपणे सांगायचे आहे. मज्जातंतू धड असतात. त्यांना कुठूनतरी "थांब" असा निरोप मिळालेला असतो आणि ते तो इमानाने पाळत असतात.

हा निरोप देणारी कारणे ठरलेली आहेत. ताप आला, मग तो कासदाहाचा असो, गर्भाशयातल्या पूचा असो की फुप्फुसाचा, जंतूंच्या विषामुळे पोटाची गती कमी होते. कुठेही तीव्र वेदना असली तरी तसेच. रक्तातले कॅल्शियम उतरले तर निरोप निघतो, पण स्नायूपर्यंत धड पोचत नाही. पोटात आम्ल वाढले, पोट फारच ताणले गेले, खुराकात अचानक बदल झाला, शरीराचे पाणी कमी झाले, उन्हाने गाय धापा टाकू लागली, यांतले काहीही पुरते. भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झायलाझीनसारख्या औषधानेही कोठीपोट काही काळ गप्प बसते.

म्हणून "पोट थांबले" हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. पोट थांबलेल्या गाईची कास पिळून बघा, ताप मोजा, ती कधी व्यायली ते आठवा, शेण हातात घेऊन बघा. नुसत्या पोटाकडे बघत राहिलो तर खरे कारण चार बोटांवर असूनही हुकते.

पचनाचे आजार व्यायल्यावरच जास्त का दिसतात?

कारण त्या काही दिवसांत "थांब" म्हणणारे निरोप एकाच वेळी येतात.

सगळ्यात मोठे कारण कॅल्शियम. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडायला कॅल्शियम लागते आणि स्नायू आवळायलाही तेच लागते. एक लिटर चिकातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. दहा लिटर चिक म्हणजे वीस ग्रॅम, आणि गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून एका वेळी तीन-चार ग्रॅमच असते. हाडांतून आणि आतड्यातून भरपाई सुरू व्हायला वेळ लागतो, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या वेतापुढच्या गाईत. निरोगी गाईच्या रक्तात कॅल्शियम दर १०० मिलीला साधारण ८.५ ते १० मिलीग्रॅम असते. ते ८ च्या खाली घसरले तरी गाय उभी असते, दूध देते, पण पोटाच्या लाटा मंद होतात. ५.५ च्या आसपास किंवा खाली गेले की ती बसते, मान कुशीवर वळवते, कान थंड पडतात. तोच दुग्धज्वर. आपण बसलेली गाय बघतो, त्याआधीची मंद पोटाची गाय नजरेतून सुटते.

भर म्हणून विताना वासराने व्यापलेली जागा एकदम रिकामी होते, गाय आधीच कमी खात असते, अंगावरची चरबी वितळून यकृतावर भार येतो आणि नेमके तेव्हाच दुधासाठी खुराक झपाट्याने वाढवला जातो.

एक गोष्ट बजावून सांगतो. दुग्धज्वराने बसलेल्या गाईला बाटलीने काहीही पाजू नका. तिची गिळण्याची क्रिया मंदावलेली असते आणि पाजलेले सरळ फुप्फुसात जाते. तिला छातीवर बसते ठेवा, कुशीवर आडवी पडू देऊ नका. आडव्या गाईत अन्ननलिकेचे तोंड पातळ मालाखाली बुडते, ढेकर निघत नाही आणि ती फुगते. शिरेतून कॅल्शियम देताना हृदयाचे ठोके ऐकत सावकाश द्यावे लागते, ते डॉक्टरांवरच सोडा.

चौथे पोट सरकते म्हणजे काय? त्यात मज्जातंतूंचा दोष असतो का?

चौथे पोट एरवी पोटाच्या तळाशी, थोडे उजवीकडे असते. त्याची हालचाल मंदावली की आत वायू साठतो आणि फुगलेले पोट वर तरंगत कोठीपोट आणि डावी बरगडी यांच्या मधे जाऊन बसते. बहुतेक गाईंत ते असे डावीकडे जाते, तेही प्रामुख्याने व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात. गाय खुराक टाळते, वैरण थोडी चघळते, दूध उतरते, शेण कमी आणि पातळसर होते. डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून बोटाने टिचकी मारली की धातूवर मारल्यासारखा खणखणीत "पिंग" ऐकू येतो. एकदा ऐकला की तो आवाज विसरत नाही.

आता मज्जातंतूंचे. या आजारात भिंतीतल्या जाळ्यावर थेट काम झाले आहे, मुख्यतः जर्मनीत. पोट सरकलेल्या गाईंच्या चौथ्या पोटाच्या भिंतीचे तुकडे १९९०च्या दशकात प्रयोगशाळेत ताणून बघितले गेले. ॲसिटिलकोलीनला त्यांचा प्रतिसाद कमी भरला आणि नायट्रिक ऑक्साइडचा सैल सोडणारा प्रभाव जास्त. म्हणजे आवळणारा निरोप दुबळा आणि सोडणारा वरचढ. हा फरक आजाराच्या आधीपासून असतो की आजारामुळे येतो, हे अशा तुकड्यांवरून ठरत नाही. जास्त दुधाच्या होल्स्टिन जातीत हा आजार अधिक दिसतो आणि काही अंशी आनुवंशिकही आहे, एवढे नक्की.

म्हणून मला सगळा दोष खुराकावर टाकणे पटत नाही, आणि सगळा आनुवंशिकतेवर टाकून हात झटकणेही नाही. कॅल्शियम, किटोसिस (चरबी वितळून रक्तात कीटोन साठणे), गर्भाशयदाह आणि लांब तंतूंच्या वैरणीची कमतरता या चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

उपचारात गाय पाठीवर लोळवून पोट जागेवर आणता येते, पण ते पुन्हा सरकण्याचे प्रमाण मोठे आहे. टिकाऊ उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून ते जागेवर टाक्याने बांधणे. उजवीकडे सरकून पीळ पडला तर मात्र उद्यावर ढकलू नका. रक्तपुरवठा तुटतो, गाय काही तासांत खचते. आणि वाचली तरी व्हेगस दुखावल्याने तिचे पोट पुढे नीट चालेलच असे नाही.

पोटफुगी म्हणजे ढेकर देणारे मज्जातंतू बंद पडले असे का?

दोन प्रकार वेगळे करा. एकात वायू सुटा असतो, त्याची वाट बंद असते: अन्ननलिकेत काही अडकले आहे, गाय आडवी पडली आहे, धनुर्वात आहे किंवा खरोखरच व्हेगसचा बिघाड आहे. नळी घातली की वायू फस्सकन बाहेर येतो आणि भकाळी बसते.

दुसऱ्यात वायू फेसात अडकलेला असतो. कोवळा, ओला, शेंगवर्गीय चारा उपाशी पोटी भरपूर खाल्ला किंवा बारीक दळलेला खुराक जास्त झाला की असा फेस होतो. इथे मज्जातंतू उलट फार चोख काम करत असतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी वायूऐवजी पातळ माल किंवा फेस आला तर ते तोंड उघडायचे नाही, असाच नियम आहे, नाहीतर तो माल श्वासनलिकेत जाईल. फेसाने गाय मरते ती या नियमाच्या पायी. म्हणून इथे पोटाला "चालना" देणारी औषधे कामाची नाहीत. जितके ढवळाल तितका फेस वाढेल. फेस मोडणारे औषध हवे. ते हाताशी नसेल तर खाण्याचे तेल, तेही गाय शुद्धीवर, उभी आणि नीट गिळत असेल तरच, डोके फार उंच न करता सावकाश.

जीभ बाहेर, तोंडाने श्वास आणि डोलायला लागलेली गाय असेल तर डाव्या भकाळीतून ट्रोकार, म्हणजे पोटाला भोक पाडून वायू सोडणारी टोकदार नळी, घालणे हा जीव वाचवण्याचा उपाय असतो. फेसाच्या पोटफुगीत बारीक सुई लगेच तुंबते.

खुराक जास्त खाल्लेल्या गाईचे पोट का थांबते?

गाईने पिंपातले धान्य किंवा पीठ फस्त केले की स्टार्च खाणारे जंतू झपाट्याने वाढतात, आम्ल आणि पुढे लॅक्टिक आम्ल तयार होते. कोठीपोटाचा सामू (पीएच, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) एरवी ६ ते ७ च्या आसपास असतो, तो ५ च्या खाली जातो. अस्तरातली आम्ल ओळखणारी टोके हालचाल थांबवतात. एका अर्थी हा बचाव आहे, कारण ढवळणे थांबले की आम्ल शोषले जाण्याचा वेगही उतरतो. पण ढेकर, रवंथ आणि लाळ तिन्ही थांबल्याने आम्ल मारणाराही कोणी उरत नाही. पोटात पाणी ओढले जाते, ते डचमळते, शरीर कोरडे पडते, शेण पातळ आणि आंबूस वासाचे येते.

धान्य खाल्ल्याचे समजल्यावर "अजून तरी बरी दिसते" म्हणून वाट बघू नका. लक्षणे कधीकधी दुसऱ्या दिवशी उघडी पडतात आणि तोवर उपचाराची सोपी वेळ निघून गेलेली असते.

सौम्य, रेंगाळणारा प्रकार जास्त फसवा. सामू रोज काही तास ५.५ च्या आसपास उतरतो आणि पुन्हा चढतो. गाय एक दिवस खाते, एक दिवस सोडते, दुधातली चरबी घटते, महिन्या-दोन महिन्यांनी खुर दुखू लागतात. व्यायल्यानंतर खुराक दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि दिवसभरात विभागून देणे हाच त्यावर उपाय.

तार किंवा खिळा गिळल्याचा मज्जातंतूंशी काय संबंध?

गाय ओठाने चाचपून खात नाही, जिभेने गुंडाळून ओढते. त्यामुळे वैरणीतली तार तशीच आत जाते आणि वजनामुळे जाळीपोटात बसते. जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा जोरात आवळते, आणि तेच आवळणे तारेला भिंतीतून पुढे रेटते. पुढे पोट आणि छाती यांच्यामधला पडदा आणि त्याच्या पलीकडे हृदय.

तार रुतल्यावर गाय पाठ कमानीसारखी करते, कोपरे बाहेर काढून उभी राहते, उतारावर चालायला नको म्हणते. मदारीवरची कातडी दोन्ही हातांनी चिमटून दाबली की निरोगी गाय पाठ खाली झुकवते. तार रुतलेली गाय झुकत नाही, किंवा झुकताना कण्हते. दुखण्यामुळे कोठीपोटही थांबते. म्हणजे इथे पोट थांबणे हे गाईने स्वतःच्या जखमेला दिलेले विश्रांतीचे साधन आहे. अशा गाईला जोराने पोट चालवणारे इंजेक्शन देणे म्हणजे तार आणखी आत ढकलणे.

तोंडावाटे दिलेले लोहचुंबक जाळीपोटात कायम राहते आणि लोखंड धरून ठेवते. तांबे किंवा ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाही.

"व्हेगस अपचन" हा आजार खरोखर मज्जातंतूचाच असतो का?

नाव तसे आहे. स्वीडनचे स्वेन होफ्लुंड यांनी व्हेगसच्या वेगवेगळ्या फांद्या कापून गाईंत काय होते ते पाहिले आणि १९४० मध्ये त्याचे प्रकार मांडले. कुठे ढेकर बंद, कुठे माल पडदेपोटापुढे सरकत नाही, कुठे चौथे पोट रिकामे होत नाही. आजही हा आजार होफ्लुंडच्या नावाने ओळखला जातो.

पण गोठ्यात दिसणाऱ्या अशा गाईंची तपासणी केली तर मज्जातंतू पुष्कळदा शाबूत सापडतो. जुन्या तारेच्या जखमेने जाळीपोट पडद्याला चिकटलेले असते, किंवा यकृतात, जाळीपोटाशेजारी गळू असते. भिंत मोकळी हलत नाही, ताण मोजणारी टोके चुकीचे निरोप देतात आणि माल गाळला जाण्याऐवजी फेसाळत साठतो. पिळाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र व्हेगस खरोखर दुखावलेला असू शकतो.

ओळखण्यासाठी गाईच्या मागे उभे राहून बघा. डावीकडे वर आणि खाली दोन्हीकडे फुगलेली, उजवीकडे फक्त खाली सुटलेली अशी आकृती दिसते. आजार आठवडे चालतो, गाय वाळत जाते पण पोट वाढत जाते, शेण थोडे आणि चिकट. काही गाईंत नाडी मिनिटाला ६० च्याही खाली जाते. गंमत म्हणजे अशा काही गाईंत पोटाच्या लाटा कमी नसून जास्त असतात, पण बळ नसलेल्या. म्हणून नुसती संख्या मोजू नका असे वर म्हटले.

बरे होण्याची आशा कारणावर. गळू सापडून निचरा झाला तर गाय सुधारते, गाभणपणाच्या शेवटी दाबामुळे झाले असेल तर कधी विल्यावर सुटते. बाकीच्यांत आशा कमीच असते, आणि हे मालकाला आधी सांगून टाकावे. खर्च झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

वासरांतही असे विकार होतात का?

वासराचे दूध कोठीपोटात जायलाच नको. ते ओढून पिताना तोंड आणि घशातून निरोप जातो आणि व्हेगसमुळे जाळीपोटातली एक खाच मिटून नळीसारखी होते. दूध सरळ चौथ्या पोटात. घाईने, थंड, अनियमित दूध पाजले किंवा वासरू आजारी असले तर खाच नीट मिटत नाही, दूध कोठीपोटात जाऊन आंबते. वासराची वाढ खुंटते, केस रुक्ष, शेण मातकट चिकणे. नळीने पाजलेल्या दुधाने ही खाच मिटत नाही. एखाद्या वेळी चिक पाजायला नळी ठीक, रोजची सवय नको.

पाचक पावडर द्यावी का? आणि पोट "चालू करणारे" इंजेक्शन?

साध्या अपचनात, म्हणजे वैरण बदलल्याने एखादा दिवस मंदावलेल्या गाईत, पावडरीने अपाय होत नाही. बहुतेक वेळा ती गाय चांगल्या वाळल्या वैरणीवर आणि पाण्यावर आपली आपणही सुधारली असती. माझा आक्षेप पावडरीवर नाही, तीन दिवस नुसती पावडर देत बसण्यावर आहे.

निओस्टिग्मिनसारखी औषधे ॲसिटिलकोलीन टिकवून ठेवतात आणि स्नायू आवळायला लावतात. पुढे वाट बंद असेल, पीळ असेल, तार असेल किंवा गाय गाभण असेल तर ती घातक. माणसांत चालणारी उलटी थांबवणारी आणि पोट हलवणारी औषधे गाईत तितकी कामी येत नाहीत. एरिथ्रोमायसिनने चौथे पोट लवकर रिकामे होते हे खरे आहे, पण ते प्रतिजैविक आहे, दुधात उतरते, आणि निव्वळ पोट हलवण्यासाठी ते वापरणे मला योग्य वाटत नाही.

याउलट कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम, वेदना असेल तर वेदनाशामक, पाणी कमी असेल तर पाणी दिले की पोट पुष्कळदा स्वतःच सुरू होते. कोठीपोटातले वैरण आंबवणारे जंतूच मेले असतील तर निरोगी गाईच्या कोठीपोटातला ताजा रस पाजण्याचा जुना उपाय अजूनही उत्तम आहे.

लाळ गळते, गिळता येत नाही. हे पोटाचे दुखणे का?

आधी हात दूर ठेवा. पिसाळ रोगात गाय असेच करते आणि "घशात काही अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालणारा माणूस धोक्यात येतो. डॉक्टरांनी बघेपर्यंत उघड्या हाताने तोंड तपासू नका.

कीटकनाशकाची विषबाधा हे दुसरे कारण. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषाने ॲसिटिलकोलीन मोडले जात नाही, साठत जाते: लाळ, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी, अंग थरथरणे. उतारा ॲट्रोपिन. त्याने जीव वाचतो, पण तेच औषध कोठीपोटही थांबवते, म्हणून उताऱ्यानंतर फुगीवर लक्ष ठेवावे लागते.

आतड्यातल्या मज्जातंतूंतून रोग मेंदूकडे जाऊ शकतो का?

एका आजाराबाबत हे माहीत आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेलेला "मॅड काऊ" आजार दूषित मांस-हाडांच्या भुकटीतून पसरला. त्यातले बिघडलेले प्रथिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शिरते, तिथल्या मज्जाजाळ्यात आढळते आणि व्हेगससारख्या तंतूंच्या मार्गाने मेंदूकडे चढते. रवंथ करणाऱ्या जनावरांना त्यांच्याच मांस-हाडांची भुकटी न देण्याच्या नियमामागे हे कारण आहे. रोजच्या अपचनाशी याचा संबंध नाही.

मज्जातंतूंचा बिघाड सांगणारी रक्ततपासणी असते का?

थेट अशी नाही. रक्तातून कॅल्शियम, कीटोन, क्षार कळतात. कोठीपोटाच्या रसातून सामू आणि जंतूंची हालचाल दिसते. जाळीपोटाची हालचाल सोनोग्राफीत प्रत्यक्ष बघता येते, आणि चिकटलेले पोट ओळखायला ती उत्तम.

डॉक्टरांना फोन करताना काय सांगावे?

"गाय खात नाही" एवढ्याने काहीच ठरवता येत नाही. व्यायल्याला किती दिवस झाले किंवा कितवा महिना चालू आहे ते सांगा. शेवटचा रवंथ कधी दिसला, शेण कधी आणि कसे पडले, ताप किती, मिनिटभर मूठ ठेवून लाट लागली का, भकाळी कोणत्या बाजूची फुगली आहे, काल-परवा वैरण किंवा खुराकात काय बदलले, धान्याच्या पोत्यापर्यंत ती पोचली होती का. दूध एका वेळेत एकदम उतरले की हळूहळू, हेही उपयोगी.

आणि आधी काय काय दिले तेही लपवू नका. घरचे औषध असो वा शेजाऱ्याने टोचलेले इंजेक्शन, कोणी रागावले तर रागावू दे. ॲट्रोपिन किंवा भुलीचे औषध आधीच गेलेले असेल तर थांबलेल्या पोटाचा अर्थच वेगळा निघतो, आणि शिरेतून कॅल्शियम एकदा गेलेले असेल तर दुसरी बाटली लावण्याआधी डॉक्टर हृदय ऐकतात.